दहा अक्षरं, दहा सूर: डॅनिश रेडिओच्या बिग बँडचं एक प्रकरण

सत्काराला आलेल्या कलावंताकडून गाणं काढून घेणं आपल्याकडच्या संगीत मंडळांना बरोबर जमतं. शाल, श्रीफळ, मानपत्र आटोपलं की कुणीतरी कानाशी वाकून म्हणतं, "बुवा, दोन मिनिटं होऊन जाऊ दे." बुवांची तब्येत असेल तर दोन मिनिटांचा तास होतो, नसेल तर नमस्कार करून बुवा गाडीत बसतात. काहीही झालं तरी मंडळाचं नुकसान नसतं, कारण मंडळाने त्यावर काही लावलेलंच नसतं.

डिसेंबर १९८४ मध्ये कोपनहेगनला हाच प्रसंग आला, पण तिथे बरंच काही लावलेलं होतं. सत्कारमूर्ती होता अमेरिकन जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस. त्याच्यासाठी तासाभराची नवी रचना लिहून तयार होती, ती वाजवायला डॅनिश रेडिओचा पगारी बिग बँड, म्हणजे जॅझचा मोठा वाद्यवृंद, मंचावर होता, आणि पाहुणा किती वाजवणार याची खात्री कुणालाच नव्हती. ते पाच वर्षांत कुठे जाऊन पोचलं आणि मध्ये कुठे अडकलं, हे उलगडून पाहण्यासारखं आहे. सार्वजनिक पैशावर चालणारा वाद्यवृंद असा डाव केव्हा खेळू शकतो आणि कुठे हरतो, दोन्ही या एकाच प्रकरणात दिसतं.

पुढे नावं येतात ती जाहीर नोंदीतल्या माणसांचीच. ताफ्यातल्या बाकीच्यांना मी त्यांच्या खुर्चीनेच ओळखतो. बिग बँडमध्ये तशीच रीत आहे: दुसरा ट्रम्पेट, चौथा ट्रॉम्बोन, बॅरिटोन सॅक्स.

पार्श्वभूमी

डॅनिश रेडिओचा हा ताफा १९६४ साली उभा राहिला. तेव्हाचं नाव होतं 'नवा रेडिओ नृत्य वाद्यवृंद'. नावावरूनच काम कळतं. रेडिओला संध्याकाळच्या कार्यक्रमांसाठी नाचता येईल असं संगीत हवं होतं, तबकड्या लावण्यापेक्षा स्वतःचे वादक ठेवणं त्या काळच्या रेडिओंना साहजिक वाटायचं. पहिला नेता इब ग्लिंडेमान, स्वतः ट्रम्पेटवादक. १९६८ पर्यंत तो होता. त्याच्या काळातच ताफा नाचाकडून ऐकण्याकडे सरकू लागला आणि पुढे नृत्य हा शब्द नावातून गेला.

हे कोपनहेगनमध्ये व्हावं याला कारण आहे. १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून अमेरिकेतले कितीतरी जॅझ वादक या शहरात येऊन राहिले. स्टॅन गेट्झ राहिला, डेक्स्टर गॉर्डन राहिला, पियानोवाला केनी ड्र्यू तर कायमचाच. बेन वेबस्टरची कबर तिथे आहे. माँमार्त्र नावाच्या क्लबात रात्री ही मंडळी वाजवायची आणि शेजारी बसून डॅनिश पोरं शिकायची. काउंट बेसीच्या ताफ्यात नऊ वर्षं ट्रम्पेट वाजवलेला आणि नंतर न्यूयॉर्कमध्ये मेल लुईसबरोबर स्वतःचा बिग बँड चालवलेला थॅड जोन्स १९७७-७८ मध्ये याच रेडिओ ताफ्याचा नेता झाला. १९८६ साली तो कोपनहेगनमध्येच वारला. डेन्मार्कची तेव्हाची लोकसंख्या जेमतेम ५१ लाख, म्हणजे त्या वेळच्या एकट्या मुंबईपेक्षाही कितीतरी कमी, हे ध्यानात ठेवलं म्हणजे या यादीचं वजन कळतं.

बिग बँड म्हणजे काय, हे दोन ओळींत. चार-पाच ट्रम्पेट, चार ट्रॉम्बोन, पाच सॅक्सोफोन, आणि मागे पियानो, गिटार, बास, ड्रम असा ऱ्हिदम सेक्शन. सतरा-अठरा माणसं. प्रत्येकापुढे स्टँडवर स्वतःचा लिहिलेला पार्ट, आणि त्या लिखाणात मुद्दाम मोकळ्या सोडलेल्या जागा, ज्यात एकजण उभा राहून मनाने वाजवतो. आपल्याकडे हे कळायला कठीण नाही. गोव्याच्या चर्चशाळेत मेस्त्रीच्या, म्हणजे तिथल्या संगीतशिक्षकाच्या, हाताखाली स्वरलेखन शिकून मुंबईला आलेल्या सेबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस, चिक चॉकलेट यांनी हिंदी चित्रपटसंगीताला नेमकी हीच गोष्ट दिली: पार्ट लिहिणारा अरेंजर आणि तो पाहताक्षणी वाजवणारे हात.

फरक एका गोष्टीत होता. मुंबईचा वादक सिटिंगमागे पैसे घ्यायचा. सकाळी एका स्टुडिओत, दुपारी दुसऱ्या. डॅनिश रेडिओचा वादक महिन्याच्या पगारावर होता, तीच माणसं त्याच खुर्च्यांवर वर्षानुवर्षं. आकाशवाणीनेही आपल्या केंद्रांवर 'स्टाफ आर्टिस्ट' ठेवले होते आणि १९५२ मध्ये दिल्लीत राष्ट्रीय वाद्यवृंद उभा केला. १९५५ साली पुणे केंद्राने वर्षभर दर आठवड्याला एक नवं गाणं रचून, बसवून हवेत सोडलं, तेही हाताशी माणसं होती म्हणूनच. कोणतं गाणं, हे मराठी वाचकाला सांगायला नको.

अडचण

लेओनी सॉनिंग संगीत पुरस्कार हा डेन्मार्कमधला संगीताचा सर्वांत मोठा मान. १९५९ मध्ये पहिला मानकरी स्ट्राविन्स्की. नंतर बर्नस्टाइन, ब्रिटन, शोस्ताकोविच, मेसियाँ. सगळी यादी पाश्चात्त्य अभिजात संगीताची. १९८४ चा पुरस्कार माइल्स डेव्हिसला द्यायचं ठरलं तेव्हा या यादीत पहिल्यांदा जॅझचा माणूस आला. पुरस्काराला जोडून मैफल असते, आणि या मैफलीसाठी नवी रचना करायचं काम पाले मिकेलबोर्गकडे आलं. मिकेलबोर्ग ट्रम्पेटवादक, वाद्य स्वतःचं स्वतः शिकलेला, रेडिओच्या जॅझ गटांचं नेतृत्व केलेला, ताफ्याची नस न् नस ठाऊक असलेला.

आता या कामातली गोम पाहा.

माइल्स तेव्हा ५८ वर्षांचा होता. १९७५ ते १९८० त्याने वाजवणं जवळजवळ सोडलं होतं. परतल्यावर त्याच्याभोवती विजेवरची वाद्यं होती, तरुण पोरं होती, रेडिओवर गाजणारी पॉप गाणी होती. मोठ्या लिखित वाद्यवृंदाबरोबर त्याने केलेलं नाव घेण्यासारखं काम अरेंजर गिल एव्हान्सबरोबरचं, आणि ते १९६० च्या दशकाच्या सुरुवातीलाच थांबलं होतं. जुनं पुन्हा वाजवायला सांगितलं की तो चिडायचा. लोकांकडे पाठ करून वाजवणारा म्हणून तर त्याची ख्यातीच. (मला यात उद्धटपणा कधी दिसला नाही. संचालन करणारा माणूस ताफ्याकडेच तोंड करतो.)

आणि दुसऱ्या बाजूला सतरा-अठरा जणांचा ताफा. तो जुन्या थाटात स्विंग वाजवू लागला तर पाहुण्याला आपण वीस वर्षं मागे सोडलेल्या घरात परत आणून बसवल्यासारखं होणार. पाहुण्याच्या नव्या थाटात वाजवू लागला तर बैलगाडीला मोटारीचं इंजिन लावल्यासारखं. चार माणसांच्या विजेच्या ताफ्यात जो ठेका तरंगतो, तोच तेरा पितळी नळ्या एकदम वाजवू लागल्या की जमिनीत रुततो.

समोरचे मार्ग

कुठल्या बैठकीत काय बोललं गेलं ते महत्त्वाचं नाही. कागदावर कोणते मार्ग मोकळे होते तेवढं पाहू.

पहिला मार्ग सगळ्यांच्या मनातला: गिल एव्हान्सच्या जुन्या मांडणीतले तुकडे काढायचे आणि सत्कारमूर्तीला त्यावर वाजवायला बोलवायचं. श्रोते खूश, वर्तमानपत्रं खूश. पाहुण्याने मान्य केलं असतं का? याचं उत्तर पुढे आपोआप मिळालं. माइल्सने ते जुने कागद पुन्हा वाजवले, पण जुलै १९९१ मध्ये, स्वित्झर्लंडमधल्या मॉन्त्रोला, क्विन्सी जोन्सने ताफा उभा केल्यावर. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत तो वारला. १९८४ साली ही विनंती केली असती तर मानपत्र घेऊन गाडीत बसण्याचीच शक्यता जास्त.

दुसरा मार्ग: त्याची त्या वेळची गाणी बिग बँडसाठी बसवायची. हा मला सर्वांत वाईट वाटतो. आपल्याकडे बँडवाले वरातीत ताजं सिनेमागीत वाजवतात त्यात मजा असते, कारण मूळ गायक समोर उभा नसतो. मूळ गायक समोर असला की ती नक्कल होते.

तिसरा: एखादा नामवंत अमेरिकन अरेंजर बोलवायचा. गिल एव्हान्स तेव्हा हयात होता, १९८८ मध्ये गेला. रेडिओला परदेशातून माणूस आणणं नवीन नव्हतं, थॅड जोन्सचं उदाहरण ताजं होतं. पण मोठा पाहुणा आणि त्याच्यासाठी मोठा पाहुणा आणला की घरचा ताफा नुसता भाड्याच्या मांडवासारखा मागे उभा राहतो. शिवाय पाहुण्या अरेंजरला तिसऱ्या ट्रम्पेटचा वरचा सूर दुपारी चारनंतर लागत नाही, हे ठाऊक नसतं. घरच्या माणसाला असतं.

चौथा: घरच्याच माणसाने पूर्ण नवं लिहायचं. यात धोका दुहेरी. रचना फसली तर पुरस्काराच्या रात्री, नभोवाणीच्या साक्षीने फसणार. आणि ज्याला कुणाचं लिहिलेलं वाजवायची सवय नाही अशा माणसापुढे एका कमी ओळखीच्या डॅनिश माणसाचे कागद ठेवायचे.

चौथा निवडला गेला. पण खरी निवड त्याच्या पुढची होती आणि तिच्याबद्दल फार कमी लिहिलं जातं. पाहुणा वाजवेल असं धरून लिहायचं की वाजवणार नाही असं धरून? वाजवेल असं धरलं आणि तो गप्प बसला तर रचनेत खड्डे पडतात. वाजवणार नाही असं धरलं आणि त्याला सुरसुरी आली तर शिरायला फट नाही.

काय केलं

मिकेलबोर्गने सुरुवात नावापासून केली. माइल्स डेव्हिस हे नाव रोमन लिपीत दहा अक्षरांचं. प्रत्येक अक्षराला एक सूर ठरवून त्याने दहा सुरांची ओळ तयार केली आणि सगळी रचना त्या ओळीतून काढली. युरोपात ही युक्ती जुनी आहे. जर्मन पद्धतीत सुरांची नावं अशी आहेत की बाखचं आडनाव चार सुरांत जसंच्या तसं वाजवता येतं, आणि बाखपासून अनेकांनी ते वाजवलंय. कर्नाटक संगीतातलं 'स्वराक्षर' याच कुळातलं: साहित्यातलं अक्षर आणि त्यावरचा स्वर एकच.

नुसती युक्ती म्हणून पाहिलं तर यात विशेष नाही. शब्दकोडं कुणीही घालतो. पण अडचणीच्या हिशेबात तिचं काम मोठं होतं. दहा सुरांची ओळ ना स्विंगची, ना रॉकची, ना पॉपची. तिला कुठलाच जुना वास नाही. पाहुण्याच्या भूतकाळातलं एकही गाणं न वाजवता सगळा तासभर त्याचंच नाव वाजत राहतं. पहिल्या मार्गातला मान आणि चौथ्या मार्गातलं नवेपण, दोन्ही एका ओळीत आले.

मग रंग. माइल्सभोवती जणू रंगांचं वलय आहे अशी कल्पना करून भागांना रंगांची नावं दिली: पांढरा, पिवळा, नारिंगी, तांबडा, हिरवा, निळा, विजेचा तांबडा, पारवा, जांभळा, आणि सुरुवातीचा प्रवेश. अक्षरं दहा, भागही दहा. सूर आणि रंग यांचं नातं मांडणारा मेसियाँ मिकेलबोर्गच्या मनात होताच. त्याच पुरस्काराच्या यादीत मेसियाँ सात वर्षं आधी येऊन गेला होता, हा योगही छान.

तिसरी गोष्ट वाद्यांची. घरचा ताफा जसाच्या तसा न ठेवता त्याच्या कडेने मंडळी वाढवली. हार्प आली, ओबो आला, मानवी आवाज आला, सिंथेसायझर आले, एकाऐवजी दोन-तीन जण कळफलकावर. बासवर नील्स-हेनिंग ऑर्स्टेड पेडरसन, ज्याला जगभरचे वादक हाक मारून नेत. तालवाद्यांवर मॅरिलिन मझुर. इथे सांगायला हवं की बैलगाडी-मोटारीचा प्रश्न याच निवडीने सुटला. ठेक्याचं काम पितळेकडून काढून घेऊन तालवाद्यं आणि विजेच्या वाद्यांकडे दिलं. ट्रम्पेट-ट्रॉम्बोन ठेका हाकत नाहीत, ते ढगासारखे वर येतात आणि जातात. 'निळा' चक्क रेगेच्या चालीवर आहे, आणि तेवढी पितळ असूनही रुतत नाही.

चौथी गोष्ट, आणि माझ्या मते सगळ्यांत धीट: पाहुण्याशिवायही उभे राहतील असे भाग लिहिले. ध्वनिमुद्रणातला 'पारवा' ऐका, पियानोवर टॉमस क्लाउसेन, आणि सत्कारमूर्तीचा ट्रम्पेट तिथे नाहीच. सत्कारमूर्तीसाठी लिहिलेल्या रचनेत सत्कारमूर्तीला एक अख्खा भाग विश्रांती. अरेंजर म्हणून सांगतो, मोठ्या गायकासाठी पार्ट लिहिताना हात थरथरतो आणि माणूस प्रत्येक ओळीत त्याला घुसवतो. विश्रांतीचं चिन्ह लिहायला छाती लागते.

मैफल १४ डिसेंबर १९८४ ला झाली. माइल्सने शेवटी येऊन थोडंसं वाजवावं असं ठरलं होतं. तो आला, आणि ठरल्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ वाजवत राहिला.

इथपर्यंत ही आपल्याकडच्या बुवांच्या दोन मिनिटांचीच गोष्ट झाली. पुढचं मात्र कुणी ठरवलेलं नव्हतं. हे ध्वनिमुद्रित करायचं, अशी इच्छा माइल्सनेच दाखवली आणि जानेवारीच्या शेवटी तो पुन्हा कोपनहेगनला आला. ३१ जानेवारी ते ४ फेब्रुवारी १९८५, पाच दिवस, ईझी साउंड स्टुडिओ. त्याचा भाचा व्हिन्स विल्बर्न विजेच्या ड्रमवर. आणि गिटारवर जॉन मॅकलॉफलिन. सुरुवातीला ते दहा सूर गिटारवर उमटतात ते त्याच्या बोटांनी.

मॅकलॉफलिन हे नाव आपल्याला परकं नाही. मुंबईच्या झाकीर हुसेनबरोबर त्याने 'शक्ती' बांधलं, आणि पुढे १९८० च्या दशकाच्या अखेरीला त्याच्या त्रयीत तालवाद्यांवर होता त्रिलोक गुर्टू, शोभा गुर्टूंचा मुलगा. पण तो विषय वेगळा.

पाच दिवसांत हे बसलं कसं, याचं उत्तर प्रतिभेत शोधू नये. मैफलीला सहा-सात आठवडे उलटले होते, तरी त्याच खुर्च्यांवर तीच माणसं बसलेली होती. कुणाला पुन्हा जमवायचं नव्हतं, कुणाच्या तारखा मागायच्या नव्हत्या, बदली वादकाला पहिल्यापासून शिकवायचं नव्हतं. पाहुण्याचा होकार आला आणि ताफा तयारच होता. सिटिंगवर चालणाऱ्या शहरात हाच होकार आला असता तर निम्मे लोक दुसऱ्या कुणाच्या तरी गाण्यात अडकलेले सापडले असते.

काय झालं

काहीच झालं नाही. चार वर्षं.

माइल्स १९५० च्या दशकाच्या मध्यापासून कोलंबिया कंपनीशी करारबद्ध होता. त्याचं वाजवणं ज्या फितीवर आहे ती प्रसिद्ध करायची की नाही हे कंपनीच्या हाती. कंपनीने ती प्रसिद्ध केली नाही. त्याच १९८५ साली माइल्स कोलंबिया सोडून वॉर्नरकडे गेला. १९८६ ला त्याचा जो गाजलेला आल्बम आला, त्यातली बहुतेक वाद्यं मार्कस मिलर या एकाच माणसाने थरावर थर चढवून वाजवली होती. म्हणजे जग ऐकत होतं ते एका माणसाने केलेल्या ताफ्याचं संगीत, आणि खऱ्या ताफ्याबरोबरचं संगीत कपाटात होतं.

'ऑरा', म्हणजे वलय, या नावाने ते अखेर १९८९ मध्ये बाहेर आलं. १९९० च्या ग्रॅमीत त्याला दोन पुरस्कार मिळाले, एक माइल्सच्या एकल वादनाला आणि एक बिग बँड विभागात. मॅरिलिन मझुर १९८५ मध्येच माइल्सच्या ताफ्यात जाऊन जगभर फिरू लागली होती. सॉनिंग पुरस्काराच्या यादीत जॅझची वाट उघडली, पण फार रहदारी झाली नाही. २००४ ला कीथ जॅरेट आला, तो अभिजात संगीतही वाजवणारा.

ताफा अजून आहे. रेडिओ १९४५ साली सुरू झालेल्या आपल्या जुन्या संगीतगृहातून हलला, २००९ मध्ये ज्याँ नुव्हेलने रचलेलं नवं सभागृह सुरू झालं, आणि बिग बँड तिथे गेला. २०१४ मध्ये काटकसरीची कुऱ्हाड आली तेव्हा रेडिओने आपला लहान वाद्यवृंद बंद केला. त्या वादकांना रेडिओबाहेर, देणग्यांवर नवं घर शोधावं लागलं. बिग बँड राहिला. का राहिला याची सोपी उत्तरं लोक देतात, मी देणार नाही. दोन ताफ्यांपैकी एक गेला म्हणून दुसरा श्रेष्ठ ठरत नाही.

कुठे वेगळं करता आलं असतं

रचनेच्या बाजूने मी फार काही बदलणार नाही. एक कुरकूर आहे: विजेचे ड्रम. १९८५ मध्ये ते ताजे होते, आज त्यावरून साल ओळखू येतं, आणि ताफ्याच्या बाकी आवाजावरून येत नाही. पण त्या काळातल्या माइल्सला ते हवे असणार. पाहुण्याला हवं ते ताट वाढणं हा यजमानधर्म झाला.

निर्णयाची खरी चूक, चूक म्हणायची तर, १५ डिसेंबरच्या सकाळी शोधावी. तोवर सगळं रेडिओच्या हातात होतं: ताफा, रचनाकार, रात्र. स्टुडिओत जायचं ठरलं आणि पाहुण्याच्या कंपनीशी गाठ आली त्या क्षणी तोल बदलला. मैफल ही रेडिओची गोष्ट होती, तबकडी ही कंपनीची. तिथे दोन पर्याय होते. मैफल रेडिओवर आणि लोकांच्या स्मरणात आहे तेवढ्यावर थांबणं, आणि स्टुडिओचा मोह टाळणं. किंवा मोह धरायचा, पण आधी एक अट घालायची: अमुक तारखेपर्यंत प्रसिद्ध केलं नाही तर निदान आमच्या देशात ध्वनिक्षेपणाचा हक्क आमचा. मोठ्या कंपनीने ही अट मानली असती का? कदाचित नाही. पण पाहुणा स्वतःहून परत येतोय, त्या पंधरवड्यात यजमानाकडे जेवढी पत असते तेवढी पुन्हा कधी नसते. लग्न ठरताना बोलायच्या गोष्टी लग्नानंतर काढल्या की भांडण होतं.

उलट बाजूही मांडतो, कारण ती माझ्या एका मित्राने मला ऐकवली आणि मी निरुत्तर झालो. तो म्हणाला, कंपनीने १९८५ ला ते लगेच काढलं असतं तर त्या वर्षीच्या इतर तबकड्यांच्या ढिगात ते गेलं असतं. १९८९ ला ते आलं तेव्हा माइल्स वॉर्नरकडे चकचकीत काम करून बसला होता, आणि समोर अचानक हे निघालं. थांबल्यामुळे ते उठून दिसलं. असेलही. पण चार वर्षं वाट बघणाऱ्या चौथ्या ट्रॉम्बोनला हे सांगून पाहावं.

माझा स्वतःचा अनुभव अगदी लहान आहे, तरी याच जातीचा. काही वर्षांपूर्वी मी एका हौशी वाद्यवृंदासाठी सनई आणि पितळी वाद्यांचे पार्ट लिहिले. पाहुणा सनईवादक मोठा होता. सुरुवातीला दहा मिनिटं म्हणाला आणि पाऊण तास वाजवून गेला. ध्वनिमुद्रण ज्यांनी केलं त्यांच्याकडे ते कुठल्याशा डिस्कवर आहे. दर दिवाळीला मी फोन करतो, दर दिवाळीला ते 'मिक्सिंग चालू आहे' म्हणतात. सनईवाले आता नाहीत.

तेव्हापासून पाहुण्याला आणि ध्वनिमुद्रण करणाऱ्याला द्यायच्या पत्रात मी तीन ओळी घालतो. पहिली, ताफ्यातल्या प्रत्येक वादकाचं नाव छापलं जाईल. दुसरी, मूळ फितीची एक प्रत आठ दिवसांत ताफ्याकडे येईल. तिसरी, दोन वर्षांत प्रसिद्ध झालं नाही तर ध्वनिक्षेपणाचा हक्क ताफ्याचा. पहिल्या दोन ओळींवर लोक न वाचता सही करतात. तिसरीवर फोन येतो.